‘प्रतिकार’ कीं ‘सत्याग्रह’? – एका इंग्रजी क्रियापदाची कथा

पाटोद्याहून जामखेडकडे जाणाऱ्या वाटेवर सौताडा हें गांव लागतें. तेथें बालाघाटचें पठार एकाएकीं संपतें आणि विंचरणा नदी कड्यावरून दरींत कोसळते. हें पाणी पुढें सीनेच्या वाटेनें भीमेस मिळतें. त्याच पाटोदा तालुक्यांत उगम पावणारी मांजरा मात्र पूर्वेची वाट धरते आणि मोठा वळसा घेऊन गोदावरीस जाते. पाण्याची जी फाटाफूट, तीच १९४८ पर्यंत राज्याचीही होती. घाटाखालचें जामखेड मुंबई इलाख्याच्या अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे इंग्रजी अमलांत. घाटावरचें पाटोदा हैदराबादच्या निजामाच्या बीड जिल्ह्यांत. ११ मार्च १७९५ रोजीं ज्या खर्ड्याच्या रणांत निजामानें मराठ्यांपुढें हार खाल्ली, तें खर्डेंही ह्याच टापूंतलें. परंतु विजयाचें फळ फार काळ टिकलें नाहीं, आणि पाटोद्याच्या वाट्यास अखेर निजामाचाच अंमल आला.

राज्यें दोन म्हणजे कायदे दोन, नाणीं दोन आणि कचेरीच्या भाषाही दोन. घाटाखालीं कलदार रुपया आणि इंग्रजी हुकूम. घाटावर हाली रुपया आणि उर्दू फर्मान. घरांत व बाजारांत मात्र दोहींकडे एकच मराठी. अशा सरहद्दीवर परकी शब्दांची ये-जा कशी होते, हें पाहणें मोठें उद्बोधक असतें. कारण तेथें एकच कल्पना दोन वाटांनीं येते आणि मराठी माणसास तिचें नांव स्वतः ठरवावें लागतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अशा रीतीनें आलेलें एक इंग्रजी क्रियापद म्हणजे ‘रेझिस्ट’. कोशांत पाहिलें तर त्याचा अर्थ एका ओळींत संपतो. परंतु त्या एका ओळीच्या अर्थावरून माणसें तुरुंगांत गेलीं, चळवळी मागें घेतल्या गेल्या आणि शेवटीं रक्तही सांडलें.

प्रथम शब्दाचें कूळ पाहिलें पाहिजे. इंग्रजीनें हें क्रियापद फ्रेंचमधून घेतलें आणि फ्रेंचनें लॅटिनमधून. लॅटिनमध्यें ‘रे’ म्हणजे मागें किंवा उलट, आणि ‘सिस्तेरे’ म्हणजे उभें राहणें, पाय रोवणें. हें ‘सिस्तो’ आणि संस्कृतांतील ‘तिष्ठामि’ हीं सख्खीं भावंडें आहेत. दोहोंच्या मुळाशीं ‘स्था’ हाच धातु. तेव्हां ‘रेझिस्ट’ करणें म्हणजे, मूळ अर्थानें, कोणी रेटीत असतां जागचें न हालणें. मारणें त्यांत नाहीं, पळणेंही नाहीं. इंग्रजीचा स्वतःचा घरचा शब्द ‘विथ्‌स्टँड’ हाही त्याच घडणीचा. शाळेंत पोरें ह्या शब्दाशीं हमखास ठेंचाळतात, कारण ‘विथ्’ म्हणजे ‘बरोबर’ हें त्यांनीं पाठ केलेलें असतें. बरोबर उभा राहणारा विरोधी कसा, हें त्यांस उमगत नाहीं. जुन्या इंग्रजींत ‘विथ्’चा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता, हें सांगितलें म्हणजे गांठ सुटते. आणि मराठी मुलास त्याचें नवल वाटण्याचें खरें तर कारण नाहीं. ‘त्याच्याशीं बोलला’ आणि ‘त्याच्याशीं भांडला’ ह्या दोन्हीं वाक्यांत एकच ‘शीं’ स्नेह आणि वैर दोन्हीं सांभाळीत आलेला आहे.

ग्रीकमध्येंही हीच कल्पना आहे. येशू ख्रिस्तानें पर्वतावरील प्रवचनांत दुष्टाला ‘रेझिस्ट’ करूं नका, असा जो उपदेश केला, त्यांतील मूळ ग्रीक क्रियापद ‘अँटी’ म्हणजे समोर आणि ‘हिस्तेमि’ म्हणजे उभा करणें ह्यांच्या संयोगाचें आहे. तेंही ‘स्था’चेंच गोत्र. संस्कृतांत ह्या सर्वांशीं बरोबर जुळणारा शब्द शोधूं गेल्यास नैयायिकांच्या घरीं जावें लागतें. प्रतिवादी आक्षेप घेऊन उभा राहतो त्यास ते ‘प्रत्यवस्थान’ म्हणतात. शब्द नेमका आहे, परंतु पंडितांच्या सभेबाहेर तो कधीं पडला नाहीं.

मग मराठीनें काय केलें? मराठीनें ह्या एका क्रियापदाचे तुकडे केले. पुढें येणाऱ्यास थांबविणें असेल तर ‘अडविणें’. मताविरुद्ध जाणें असेल तर ‘विरोध करणें’. हुकूम न मानणें असेल तर ‘न जुमानणें’ किंवा ‘दाद न देणें’. दुष्काळांत जीव धरून राहणें असेल तर ‘तग धरणें’. मनांतल्या ओढीपुढें माणूस हरतो तेव्हां इंग्रज म्हणतो कीं त्याला ‘रेझिस्ट’ करतां आलें नाहीं. मराठी माणूस म्हणतो, ‘राहवलें नाहीं’. येथें गंमत अशी कीं, राहणें म्हणजे स्थिर असणें, आणि म्हणून एकट्या ह्याच प्रयोगांत मराठीनें लॅटिनचें मूळचें चित्र जसेंच्या तसें राखलें आहे! ग्रंथकारांनीं आणि वर्तमानपत्रांनीं मात्र ह्या सर्वांच्या डोक्यावर ‘प्रतिकार’ हा संस्कृत शब्द बसविला. त्याचें मूळ ‘स्था’ नव्हे, ‘कृ’ आहे. प्रतिकार म्हणजे उलट कृति. वैद्यकांत त्याचा अर्थ रोगावरील उपाय असा होतो, आणि २०२० च्या साथींत ‘रोगप्रतिकारशक्ति’ हा लांबलचक शब्द घरोघरच्या आजीबाईंच्या तोंडींही बसला. ‘स्था’च्या जागीं ‘कृ’ आला हा फरक व्याकरणाचा म्हणून सोडून देतां येण्यासारखा नाहीं. उभें राहणारा आपले हात काय करतील हें सांगत नाहीं. कृति करणाऱ्यास तें सांगावें लागतें.

घाटावरच्या कचेऱ्यांत हीच कल्पना तिसऱ्याच पोषाखांत वावरत होती. हैदराबाद संस्थानांत १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूनें घेतली, आणि उर्दूंत ह्या अर्थाचा शब्द आहे ‘मुजाहमत’. तो मूळचा अरबी. त्याच्या धातूचा अर्थ दाटी, रेटारेटी. उर्दूंतील ‘जहमत’ म्हणजे त्रास, ही त्याचीच बहीण. पाटोद्याच्या पाटील-कुळकर्ण्यांस हा शब्द नवा नव्हता. जुन्या मराठी सनदांत अमक्याच्या वतनास कोणी ‘मुजाहीम’ होऊं नये, अशी ताकीद वारंवार आढळते. परंतु त्या शब्दांत उभें राहणाऱ्याचें धैर्य नाहीं; वाट अडविणाऱ्याचा उपद्रव आहे. सरकारच्या बाजूनें पाहिलें म्हणजे प्रजेचें पाय रोवणें असेंच दिसतें. इंग्रजी कायद्याची दृष्टि तरी निराळी होती असें नाहीं. १८६० च्या हिंदी दंडसंहितेंत जप्तीच्या मालास आडवें येणें आणि अटकेस हरकत करणें ह्यांस शिक्षा सांगितलेली होती, आणि तेथें ‘रेझिस्टन्स’ हें गुन्ह्याचेंच नांव होतें.

त्याच दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमाखालीं एक उदाहरण होतें, तें मराठी वाचकानें मुद्दाम लक्षांत ठेवावें असें आहे. एक मनुष्य दुसऱ्याच्या दारीं धरणें धरून बसतो, आणि त्यामुळें घरधन्यावर दैवी कोप होईल असें भासवितो. तर तो गुन्हेगार होय. ‘धरणें’ हा देशी शब्द इंग्रजी कायद्याला जसाच्या तसा घ्यावा लागला, कारण त्या भाषेंत ह्या कृत्यास नांवच नव्हतें. धनको ऋणकोच्या दारीं उपाशी बसे. ऋणकोनेंही मग जेवूं नये असा संकेत असे. ह्यांत हात उगारणें नाहीं, आणि तरी हें निष्क्रिय नाहीं. उलट ज्याच्या दारीं बसावयाचें त्याच्या मनावर ह्याइतका भार दुसऱ्या कशाचाच पडत नसे. ह्याच्या जोडीला दुसरा उपाय म्हणजे गांव सोडणें. सारा असह्य झाला कीं कुणबी बैल हांकून परमुलखांत जात, आणि अंमलदारास कौल देऊन त्यांस परत आणावें लागे. पाटोद्यासारख्या सरहद्दीवरच्या मुलखांत तर परमुलूख म्हणजे एका घाटाची उतरण. सारांश, गोष्ट देशांत होती. नांव मात्र परदेशांतून यावयाचें होतें.

हीं नांवें देण्याचा अधिकार बहुधा लेखणी ज्याच्या हातीं त्याचाच. १८१८ मध्यें बीड भागांत धर्माजी प्रतापराव निजामाविरुद्ध उठला, तेव्हां त्याचा बीमोड करण्यास गोऱ्या अंमलदाराच्या हाताखालीं फौज गेली आणि तो पकडला गेला. दफ्तरांत अशा गोष्टींस बंड म्हणतात, पुंडावा म्हणतात. प्रतिकार कोणी म्हणत नाहीं.

तो शब्द प्रतिष्ठित झाला तो एका विशेषणाच्या आधारानें. इंग्लंडांत १९०२ सालीं शिक्षणाचा जो कायदा झाला, त्यान्वयें चर्चच्या शाळांस सार्वजनिक करांतून पैसा मिळूं लागला. स्वतंत्र पंथाच्या पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीं तो कर देण्याचें नाकारलें, जप्त्या सोसल्या, आणि आपल्या वर्तनास ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ असें म्हटलें. शब्द वर्तमानपत्रांतून जगभर पसरला. ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्गच्या एंपायर थिएटरांत ट्रान्सवालमधील हिंदी लोकांनीं नव्या नोंदणीच्या कायद्यापुढें मान न तुकविण्याची शपथ घेतली, तेव्हां गांधींनीं आरंभीं हाच इंग्रजी शब्द उचलला. पुढें एका सभेंत हॉस्किन नांवाच्या हिंदी लोकांबद्दल सहानुभूति बाळगणाऱ्या गोऱ्या गृहस्थानें सांगितलें कीं, हे लोक दुबळे व निःशस्त्र असल्यामुळें त्यांनीं हा मार्ग पत्करला आहे. बोलणें सद्धेतूचें होतें; पण तेंच गांधींच्या जिव्हारीं लागलें. दुबळ्याचें हत्यार असा अर्थ जर ह्या शब्दांतून निघत असेल तर शब्दच बदलला पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. ‘इंडियन ओपिनियन’ पत्रांतून नव्या नांवाची मागणी झाली. मगनलाल गांधींनीं ‘सदाग्रह’ सुचविलें. गांधींनीं त्याचें ‘सत्याग्रह’ केलें, आणि १९०८ च्या आरंभापासून तो शब्द रूढ होऊं लागला. एवढें होऊनही १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज्य’ ह्या पुस्तकाच्या स्वतः केलेल्या इंग्रजी भाषांतरांत त्या प्रकरणाला त्यांनीं ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ हेंच नांव ठेवलें. इंग्रजी वाचकास दुसरें कळणार नव्हतें.

ह्यांत आणखी एक कोडें आहे. गांधींवर ज्याचा फार मोठा परिणाम झाला तो टॉलस्टॉय ख्रिस्ताचें वचन अक्षरशः मानणारा, म्हणजे ‘रेझिस्ट’ न करण्याचा उपदेश करणारा. आणि त्याचा हा हिंदी चाहता जगभर ‘रेझिस्ट’ करणाऱ्यांचा आचार्य म्हणून गाजला! टॉलस्टॉयच्या मनांत त्या क्रियापदाचा अर्थ होता बळास बळानें उत्तर देणें. गांधींच्या मनांत होता अन्यायापुढें न हालणें. दोघेही एकच गोष्ट सांगत होते, आणि एक ती नकारार्थी सांगत होता, दुसरा होकारार्थी. क्रियापदाच्या पोटांत हे दोन्हीं अर्थ पहिल्यापासूनच होते.

महाराष्ट्रांत ‘सत्याग्रह’ शब्द आला तो भाषांतराशिवाय, संस्कृताच्या हमरस्त्यानें. तरी मराठी कानास त्यांत एक निराळा सूर लागतो. आग्रह म्हणजे मराठींत पंगतींत जिलबीचा होतो, लग्नाच्या बोलावण्याचा होतो. त्याच्या अलीकडे हट्ट आणि पलीकडे दुराग्रह. त्यामुळें आपल्याकडे हा शब्द जितका सहज रुजला, तितकाच सहज ताणलाही गेला. मुळशीच्या धरणाविरुद्ध एप्रिल १९२१ मध्यें मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला. पुढें १९२४ च्या डिसेंबरांत सेनापति बापटांनीं हत्यार घेऊन गाडी अडविली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. नांव एक, आणि हात दोन प्रकारचे. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनीं आणि त्यांच्या हजारों अनुयायांनीं पाणी घेतलें, तेव्हां तर क्रियापदाचा कर्ताच उलटा झाला. मुंबईच्या कायदेकौन्सिलानें १९२३ मध्यें अशीं सार्वजनिक पाणवठ्यांचीं ठिकाणें सर्वांस खुलीं केलेलीं होतीं. म्हणजे तळ्यावर जाणारे कोणत्याही कायद्यास आडवे येत नव्हते. आडवे आले ते त्यांना मारहाण करणारे. इंग्रजी वाक्यांत ‘रेझिस्ट’ करणारे येथें सनातनी ठरतात, आणि सत्याग्रही तो आपला हक्क बजावणारा ठरतो. त्या हक्कावर न्यायालयाचें शिक्कामोर्तब व्हावयास १९३७ साल उजाडावें लागलें. ‘सत्याग्रह’ हा शब्द इंग्रजी क्रियापदाहून मोठा झाला होता, ह्याची खूण महाडइतकी स्पष्ट दुसरीकडे मिळत नाहीं.

निजामाच्या मुलखांत हे वारे पोंचावयास उशीर लागला, त्यास कारण होतें. १९२९ च्या ‘गस्ती निशाण ५३’ नांवाच्या परिपत्रकान्वयें परवानगीवांचून सभा भरविण्यास तेथें मनाई झाली. जेथें चार माणसें एकत्र बसणें हीच मुजाहमत, तेथें धरणें कोठें आणि कसें धरावयाचें? तरी महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ मध्यें परतूरला आणि दुसरें १९३८ मध्यें लातूरला भरलें. ह्या घडामोडींत जें माणूस पुढें आलें तें स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत आणि नंतर बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत शिकविलेले संन्यासी. चळवळीचा नेता शिक्षक असावा, ही गोष्ट मराठवाड्यांत सहज होती. सभेस मनाई असलेल्या राज्यांत लोक जमवावयाची सोय वर्गाइतकी दुसरीकडे नव्हती.

मग १९३८ चें साल आलें. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधींच सप्टेंबरांत तिच्यावर बंदी आली, आणि २४ ऑक्टोबरपासून तिनें सत्याग्रह सुरू केला. मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. त्याच सुमारास आर्य समाजानें आपल्या मंदिरांच्या आणि धर्मप्रचाराच्या स्वातंत्र्यासाठीं लढा पुकारला. त्यानेंही नांव घेतलें सत्याग्रहाचेंच. हिंदु महासभेनें हिंदूंच्या नागरिक हक्कांसाठीं तिसरी आघाडी उघडली, आणि तिला मात्र सावरकरांनीं बुद्ध्या निराळें नांव दिलें – ‘भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार’. नगराचें नांवही त्यांनीं आपल्या मतें जुनें होतें तेंच घेतलें. शब्दांच्या बाबतींत सावरकर निष्काळजी कधींच नसत, आणि येथें तर नाहींतच. इंग्रजी ‘पॅसिव्ह’ आणि मराठी ‘निःशस्त्र’ एकच आहेत असें वरवर वाटतें. पण ‘पॅसिव्ह’ हें मनोवृत्तीचें विशेषण, ‘निःशस्त्र’ हें हातांतल्या वस्तूचें. आज शस्त्र नाहीं, एवढेंच तें सांगतें. उद्यां असेल तर उचलूं नये, असें त्यांत कोठेंही नाहीं. अहिंसेस तत्त्व म्हणून न मानणाऱ्या पक्षानें ‘सत्याग्रह’ शब्द टाळला, हें प्रामाणिकपणाचेंच होतें असें म्हटलें पाहिजे.

परंतु निजामाच्या तुरुंगाधिकाऱ्यास ह्या सूक्ष्म भेदांशीं काय करावयाचें होतें? एकच बंदी मोडून, एकाच महिन्यांत, खादीची टोपी, भगवी वस्त्रें आणि काळी टोपी अशा तीन वेषांत माणसें येऊं लागलीं, तेव्हां सरकारनें सर्वांस एकाच सदरांत टाकलें आणि चळवळ जातीय आहे असा डांगोरा पिटला. गांधींना हेंच भय होतें. त्यांच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसनें २४ डिसेंबर १९३८ रोजीं, बरोबर दोन महिन्यांनीं, आपला सत्याग्रह स्थगित केला. तुरुंगांतल्या पुष्कळांस तो निर्णय झोंबला. दुसऱ्या दोन्हीं आघाड्या १९३९ पर्यंत चालल्या. ह्या स्थगितीविषयीं मतें कांहींही असोत. पण एक गोष्ट नाकारतां येत नाहीं. वेगवेगळ्या हेतूंच्या तीन चळवळी एकाच कृतीनें व्यक्त होत असतां, त्यांच्यांतील भेद दाखविण्यास नांवाखेरीज दुसरें साधन उरलें नव्हतें, आणि तें साधन पुरें पडलें नाहीं.

त्याच वर्षीं औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनीं वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणणें थांबविण्याचें नाकारलें. त्यांस महाविद्यालयांतून काढण्यांत आलें, आणि नागपूर विद्यापीठानें त्यांस आपल्याकडे घेतलें. ह्या पोरांनीं कोणताही कायदा मोडला नाहीं, कोणतेंही घोषणापत्र काढलें नाहीं. गात होते ते गात राहिले. मूळ लॅटिन शब्दाचा ह्याहून शुद्ध प्रयोग दाखवितां येणें कठीण.

दहा वर्षांनीं प्रश्न पुन्हां उभा राहिला, आणि ह्या वेळीं फार निकडीनें. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं स्टेट काँग्रेसनें ‘हिंदी संघराज्यांत सामील व्हा’ हा दिवस पाळला. त्याच महिन्यांत स्वामीजींस अटक झाली. शिंदीचीं झाडें तोडावयाचीं, कारण ताडी-शिंदीच्या अबकारीवर सरकारची तिजोरी भरते. लेव्हीचें धान्य घालावयाचें नाहीं. करोडगिरीचे नाके बंद पाडावयाचे – असा कार्यक्रम खेडोपाडीं गेला. येथपर्यंत जुनें क्रियापद कसेंबसें पुरत होतें. झाडास हात लावणें ही कृति खरी, पण ती माणसावर नव्हती. पण कासिम रझवीच्या रझाकारांचे जथे गांवें लुटूं लागले, आणि मग सरहद्दीपलीकडे हिंदी मुलखांत छावण्या पडल्या. दिगंबरराव बिंदूंच्या अध्यक्षतेखालीं कृतिसमिति नेमली गेली. बंदुका आल्या. करोडगिरीचे नाके जळूं लागले, पोलीसठाण्यांवर हल्ले झाले. घाटाची उतरण, जी पूर्वीं सारा चुकविणाऱ्या कुणब्याची वाट होती, तिला आतां लष्करी मोल आलें.

उमरीच्या बँकेवर चळवळीच्या लोकांनीं घातलेला प्रसिद्ध छापा ३० जानेवारी १९४८ चा. त्याच दिवशीं संध्याकाळीं दिल्लींत गांधींचा खून झाला. तारखांचा हा योग निव्वळ आकस्मिक आहे आणि त्यांतून कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु सत्याग्रही म्हणून तुरुंगांत गेलेल्या पक्षाच्याच नांवें त्या दिवशीं बंदुकीच्या धाकानें तिजोरी उघडली गेली होती, हें इतिहासकारास गाळतां येत नाहीं. ह्यास ‘सत्याग्रह’ कोणी म्हटलें नाहीं. ‘निःशस्त्र’ तर म्हणतांच येत नव्हतें. उरला तो नुसता ‘प्रतिकार’, विशेषणावांचून, आणि त्याच्या जोडीला ‘सशस्त्र लढा’. डोक्यावर रझाकारांची तरवार असलेल्या खेडुतास ह्याबद्दल दोष देणें घरांत बसून सोपें आहे. त्यास पाय रोवून उभें राहण्याचा सल्ला देणाऱ्यानें त्याच्या जागीं एक रात्र काढलेली असावी.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ तारखेस निजामानें शरणागति दिली. ‘पोलीस कारवाई’ हें त्या मोहिमेचें सरकारी नांव. त्यांतही शब्द मोजून निवडलेला होता. नंतरच्या आठवड्यांत जें झालें, तें मात्र फार दिवस कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड ज्यांनीं कधीं काठीही उचलली नव्हती अशा मुसलमान कुटुंबांवर उगवला गेला. हिंदी सरकारनें पाठविलेली पंडित सुंदरलाल यांची समिति १९४८ च्या अखेरीस मराठवाड्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून हिंडली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पोळले असें तिनें नमूद केलें, आणि एकंदर मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा केला. तो अहवाल कित्येक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं. ह्या कृत्यांचें समर्थन करणाऱ्यांच्या तोंडींही प्रतिकार हाच शब्द होता. उलट कृति एवढाच ज्याचा धात्वर्थ, त्या शब्दास सूडाची वाट मोकळी असते. केव्हां थांबावें हें तो सांगत नाहीं. ‘स्था’ धातूच्या शब्दास ती वाट नसते, कारण उभा असलेला मनुष्य दुसऱ्याच्या घरापर्यंत जात नाहीं. मराठी लेखकांनीं शंभर वर्षांपूर्वीं ‘प्रतिकार’ पसंत केला तेव्हां हें कोणाच्या ध्यानांत असेल असें वाटत नाहीं. कोशकारावर एवढा भार टाकणें अन्यायाचेंही होईल.

पाटोद्याच्या तहसील कचेरींतून उर्दू कागद हळूहळू दिसेनासे झाले. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्रांत. जामखेड आणि पाटोदा ह्यांच्यामधली राज्याची रेघ पुसून जिल्ह्याची तेवढी उरली. दर वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं मराठवाड्यांतील इतर गांवांप्रमाणें पाटोद्यासही झेंडावंदन होतें. त्या दिवसाचें नांव ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ असें ठरलें आहे. सत्याग्रह, निःशस्त्र प्रतिकार, सशस्त्र लढा ह्या तिन्हीं नांवांनीं तुरुंगांत गेलेलीं आणि छावण्यांत राहिलेलीं माणसें त्या एका नांवाखालीं व्यासपीठावर शेजारीं शेजारीं बसत असत. कोणी कोणत्या नांवानें शिक्षा भोगली, हें त्यांच्यांतील वयस्कर माणसें एकमेकांस विचारीत, तें सभा संपल्यावर, चहाच्या वेळीं.